मोळी टाकायला ऊस लागतो

थोडं लांब झालंय. निवांत असाल तेव्हाच वाचा.

सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं ॲनिमेशन, व्हिज्युअल इफेक्ट्स, गेमिंग, कॉमिक्स या सगळ्यांचं मिळून एक धोरण मंजूर केलं. ३,२६८ कोटी रुपयांचं, २०५० पर्यंतचं. बातमी आल्यापासून आपल्या भागात एक नवीन खूळ निघालंय. दर पंधरा दिवसांनी कुणीतरी पोरगं दुकानात येऊन विचारतं, "मामा, गेमिंग सेंटर टाकावं म्हणायलोय, अनुदान बसंल का?" हिशोब सगळ्यांचा सारखाच. चार प्लेस्टेशन, चार मोठे टीव्ही, एक एसी, भिंतीवर निळे-जांभळे लाईट. गेम कोणते ठेवणार असं विचारलं की उत्तर ठरलेलं, "ते बघू की नंतर."

मला या 'नंतर'बद्दलच लिहायचंय. गेमची मशीन, ज्याला कन्सोल म्हणतात, तिच्या धंद्यात गेल्या चाळीस-पंचेचाळीस वर्षांत भल्याभल्या कंपन्या या 'नंतर'मुळं बसल्या. आणि आपल्या जिल्ह्यात सरकारी पैशातून जी जी मशीन येते तिचंही बरंचसं तसंच होतं.

एक आधीच सांगून टाकतो. गेम म्हटलं की आपल्याकडं निम्म्या घरांत मोबाईलवरची रमी आठवते, आणि कुणाच्या तरी पोरानं घालवलेले पैसे आठवतात. पैसे लावायच्या ऑनलाइन खेळांवर केंद्रानं ऑगस्ट २०२५ मध्ये कायदा करून बंदी घातली. बरं झालं. मी त्या जुगाराबद्दल बोलत नाही. मी खेळाबद्दल बोलतोय.

ढोकीत माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. त्याआधी टीव्ही, टेप, रेडिओ दुरुस्त करायचो. लोक मशीन कशी निवडतात हे काउंटरच्या या बाजूनं पंचवीसेक वर्षं बघतोय, आणि त्यावरून एवढं सांगू शकतो की माणूस मशीन विकत घेत नसतो. ती घरी नेल्यावर पहिल्या संध्याकाळी तिच्यात काय चालणार, ते तो विकत घेतो.

२०१८ ते २०२० मधला काळ आठवा. पबजी आला होता. फोन घ्यायला येणाऱ्या पोराला रॅम किती, प्रोसेसर कुठला, कॅमेरा कसा, काही देणंघेणं नसायचं. एकच प्रश्न. "पबजी अडकतो का?" अडकत नाही म्हटलं की बाप पैसे मोजायचा. मग २ सप्टेंबर २०२० ला सरकारनं पबजीवर बंदी घातली. त्या आठवड्यात दोन पोरं जवळजवळ नवे फोन घेऊन आली, "मामा, हे परत घ्या, अर्ध्याला द्या पण घ्या." फोनला ओरखडाही नव्हता. काच तीच, बॅटरी तीच. आतला एक खेळ तेवढा गेला होता आणि फोनची किंमत त्यांच्या लेखी निम्मी झाली होती. पुढं जुलै २०२१ मध्ये तोच खेळ बीजीएमआय नावानं परत आला, तेव्हा यातलाच एकजण "तसलाच फोन आहे का" म्हणून विचारायला आला.

त्याच्याही आधी, आम्ही शाळेत होतो तेव्हा, टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम आला. चाळिशीतल्या लोकांना सांगायची गरज नाही, तरी नव्या पोरांसाठी सांगतो. पांढरा-करडा हलका डबा, दोन रिमोट, एक अडॅप्टर, आणि वरच्या फटीत खोचायची पिवळी, लाल, काळी कॅसेट. चालली नाही की कॅसेटच्या तोंडात फुंकर मारायची. कॅसेटवर '९९९९९९ इन १' लिहिलेलं असायचं आणि आत खरे गेम दहा-बारा. तेच फिरून फिरून यायचे. मारिओ, कॉन्ट्रा, बदकाचा, टँकचा. लाईट गेली की सगळं पहिल्यापासून. ढोकीत लाईट किती जायची हे तुम्हाला माहीत आहे. त्यामुळं मारिओचं शेवटचं घर आमच्या गल्लीत कुणी बघितलं असेल असं मला वाटत नाही.

आता गंमत बघा. त्या डब्यावर नाव काहीही असायचं. कुणी बनवला, कुठून आला, वॉरंटी काय, कुणाला पत्ता नाही. जाहिरात तर नव्हतीच. तरी तो बार्शीपासून लातूरपर्यंत घराघरांत गेला. का? कारण तो डबा मुळात जपानच्या निन्टेन्डो कंपनीच्या मशीनची नक्कल होता. मूळ मशीन, फॅमिकॉम, जपानमध्ये १५ जुलै १९८३ ला विकायला आलं. त्या दिवशी त्यासोबत फक्त तीन गेम होते. डाँकी काँग, त्याचाच पुढचा भाग आणि पपाय. तीनच, पण तिन्ही आधी नाण्यावर चालणाऱ्या मोठ्या मशीनवर गाजलेले. लोकांना बाहेर पैसे टाकून खेळायची सवय होती, तेच घरी आलं. पुढं १९८५ मध्ये सुपर मारिओ ब्रदर्स आला आणि मग त्या मशीनला मागं बघायची वेळ आली नाही. जगभरात सहा कोटींच्या वर विकलं गेलं.

आपल्याकडं नक्कल आली तोपर्यंत दहा वर्षं उलटली होती. त्या दहा वर्षांत जे काही निवडक, पारखलेलं निघालं होतं ते सगळं पहिल्याच दिवशी एका कॅसेटमध्ये आयतं मिळालं. मूळ कंपनीला पहिल्या दिवशी तीन गेम जमले होते. आमच्या बिननावाच्या डब्याला पहिल्या दिवशी मारिओ, कॉन्ट्रा आणि बदकं. इतकी भरलेली सुरुवात जगात कुठल्या कंपनीला मिळाली नसेल. चोरीची होती हा भाग वेगळा.

हे ढोकीकरांना समजावून सांगायला मला परदेशात जायची गरज नाही. आपल्याकडं तेरणा कारखाना आहे.

माझे वडील कारखान्यात सीझनल होते. 'नो केन' हे मी शिकलेले बहुतेक पहिले इंग्रजी शब्द. ऊस आला नाही म्हणून गाळप थांबलं की वडील लवकर घरी यायचे आणि एवढंच म्हणायचे, "नो केन." मिल ठणठणीत, बॉयलर गरम, माणसं हजर, आणि गव्हाण रिकामी. यापेक्षा महागडी शांतता मी बघितली नाही.

कारखाना उभा राहतो तेव्हा लोकांना चिमणी दिसते. पण मोळी टाकायच्या दिवशी ऊस तोडणीला आलेला पाहिजे. आडसाली लागण सोळा ते अठरा महिन्यांची, सुरू म्हटला तरी वर्ष. म्हणजे बॉयलर पेटायच्या दीड वर्ष आधी शेतकऱ्यानं बेणं लावलेलं पाहिजे. आणि शेतकरी बेणं लावणार कधी? कारखाना चालेल, बिल मिळेल, असा भरवसा असेल तेव्हा. कारखाना ऊस बघून चालतो आणि ऊस कारखाना बघून लागतो. आधी कोण, हा प्रश्न ज्याला सोडवता आला तो चेअरमन टिकला.

कन्सोलचं डिट्टो हेच आहे. चांगला गेम बनवायला दोन-तीन वर्षं जातात, कधी जास्त. गेम बनवणारा विचारतो, तुमची मशीन किती घरांत आहे? घरातला माणूस विचारतो, तुमच्या मशीनवर गेम किती आहेत? कंपनी मशीनवर बऱ्याचदा फारसं कमवत नाही, कधी कधी तर पदरमोड करून विकते. तिची कमाई प्रत्येक गेममागं मिळणाऱ्या हिश्श्यातून. म्हणून मशीन बाजारात यायच्या दोन वर्षं आधी कंपन्या गेमवाल्यांच्या दारात उभ्या राहतात. कुणाला आगाऊ पैसे देतात, कुणाशी 'फक्त आमच्याचकडं' असा करार करतात. आपल्याकडं टोळीला उचल देतात, शेजारच्या कारखान्याचा ऊस पळवतात, त्यातलाच प्रकार.

घाईत पेटवलेल्या बॉयलरची एक गोष्ट सांगतो. सेगा ही जपानी कंपनी. तिचं सॅटर्न हे मशीन जपानमध्ये नोव्हेंबर १९९४ ला आलं आणि सुरुवात झकास झाली, कारण सोबत व्हर्चुआ फायटर होता. जवळजवळ प्रत्येक मशीनमागं एक व्हर्चुआ फायटर खपला. अमेरिकेत ते सप्टेंबर १९९५ मध्ये येणार असं जाहीर झालं होतं. पण सोनीचं पहिलं प्लेस्टेशन त्याच महिन्यात येणार होतं. मग सेगावाल्यांनी ११ मे १९९५ ला लॉस एंजेलिसच्या मोठ्या प्रदर्शनात उठून सांगितलं की मशीन आजपासूनच दुकानात आहे, ३९९ डॉलरला. त्यांना वाटलं आपण चार महिन्यांची आघाडी घेतली. झालं उलटं. बाहेरचे गेमवाले सप्टेंबर धरून कामाला लागले होते, त्यांचा माल तयार नव्हता. मशीन दुकानात आणि खेळायला सेगाचे स्वतःचे मूठभर गेम. ज्या दुकानदारांना आधी माल दिला नाही ते वेगळेच रुसले. त्याच दिवशी सोनीचा माणूस मंचावर आला, '२९९' एवढाच आकडा म्हणाला आणि खाली उतरला.

शंभर डॉलरचा फरक हेही कारण होतंच, सगळं खापर मी गेमवर फोडत नाही. पण ते चार महिने बघा. ग्राहकानं सॅटर्नचा कोरा पडदा बघितला, सप्टेंबरात प्लेस्टेशन आलं तेव्हा त्याच्यासोबत भरलेली गव्हाण होती. शेवटी सॅटर्न जगभरात एक कोटीच्या आत राहिलं. प्लेस्टेशन दहा कोटींच्या पुढं गेलं. कोवळा ऊस गाळला की उतारा पडतो हे आपल्या कुठल्याही केनयार्ड सुपरवायझरनं त्यांना सांगितलं असतं.

मग माणूस म्हणतो, ठीक आहे, पहिल्याच दिवशी ढिगानं गेम आणा. सेगानं पुढच्या वेळी तेही केलं. ड्रीमकास्ट, अमेरिकेत ९ सप्टेंबर १९९९. पहिल्याच दिवशी अठराच्या आसपास गेम, त्यातले काही खरोखर उत्तम. विक्रीही जोरात. आणि तरी मार्च २००१ मध्ये कंपनीनं ते बनवणं बंद केलं, आणि घरगुती मशीनच्या धंद्यातूनच बाहेर पडली. माझं मत असं की इथं मागची थकबाकी आडवी आली. सॅटर्नच्या वेळी पोळलेले लोक, दुकानदार, गेमवाले, ते विसरले नव्हते. खेळांचे गेम बनवणारी ईए ही बलाढ्य कंपनी ड्रीमकास्टसाठी कामच करायला तयार झाली नाही. एकदा बिल थकवलेल्या कारखान्याला शेतकरी दुसऱ्या वर्षी ऊस देताना किती वेळा विचार करतो? कितीही गोड बोला.

आणि त्याच वेळी सगळे प्लेस्टेशन २ ची वाट बघत थांबले होते. हे मशीन माझ्या म्हणण्याच्या बरोबर आडवं जातं असं वाटेल, म्हणून त्याच्यावर थोडं थांबतो. मार्च २००० मध्ये जपानमध्ये ते आलं तेव्हा सोबतचे गेम काही फार ग्रेट नव्हते. आज कुणाला त्यातले चार आठवायचे नाहीत. आणि तरी ते जगातलं सर्वात जास्त खपलेलं कन्सोल ठरलं, १५ कोटींच्याही पुढं. मग पहिल्या गेमचं महत्त्व गेलं कुठं?

गेलं नाही. त्या मशीनमध्ये डीव्हीडी चालायची. तेव्हा नुसता डीव्हीडी प्लेयर घ्यायचा तर चांगले पैसे मोजावे लागायचे, इथं एका डब्यात दोन्ही. दुसरं म्हणजे पहिल्या प्लेस्टेशनचे जुने गेम याच्यावर चालायचे. मी तर याला सरळ खोडवा म्हणतो. नवीन लागण यायला वेळ असला तरी जुन्या बुडख्याला फुटलेला ऊस उभा आहे, गव्हाण रिकामी राहत नाही. नव्या लागणीनं मग वर्षभरात जोर धरला. म्हणजे पहिल्या संध्याकाळी घरच्यांनी सिनेमा बघितला आणि पोरानं जुना गेम खेळला. चाललं ना काहीतरी!

माझ्या मते संख्येला किंमत नाही. निन्टेन्डो ६४ अमेरिकेत १९९६ मध्ये दोनच गेम घेऊन आलं होतं, पण त्यातला एक सुपर मारिओ ६४ होता, आणि लोक रांगा लावून घेऊन गेले. शेजारच्याला "ये, बघ" म्हणून घरात ओढून आणावंसं वाटेल असा एक गेम असला तरी सुरुवातीला पुरतं. त्यानंतर मात्र ओघ लागतो. एक मोळी टाकून फोटो काढता येतो, हंगाम होत नाही.

हा ओघ काय असतो ते निन्टेन्डोच्याच दोन मशीनवरून कळतं. वी यू नोव्हेंबर २०१२ मध्ये आलं. सोबत मारिओ होता, म्हणजे मोळी टाकली. पण त्यानंतर कित्येक महिने दमदार काही नाही. शुद्ध नो केन. नावही असं की लोकांना वाटायचं हे जुन्या वी मशीनचंच काहीतरी जोडायचं सामान आहे. आयुष्यभरात १ कोटी ३५ लाखांच्या आसपास खपलं. त्याच कंपनीनं ३ मार्च २०१७ ला स्विच आणलं. पहिल्या दिवशी झेल्डा, पुढच्याच महिन्यात मारिओ कार्ट, जुलैत स्प्लाटून, ऑक्टोबरात नवा मारिओ. दर दोन-तीन महिन्यांनी एक गाडी काट्यावर उभी. अमेरिकेत पहिल्या महिन्यात ९ लाखांवर स्विच खपले आणि स्विचसाठीचा झेल्डा त्याहूनही जास्त खपला. मशीनपेक्षा गेम जास्त! लोकांनी आधी गेम आणून ठेवला आणि मशीन मिळायची वाट बघत बसले असणार. स्विच १५ कोटींच्या पुढं गेलं. आणि गंमत म्हणजे तो मारिओ कार्ट मुळात वी यूवरचाच होता, थोडा सुधारून आणलेला. ऊस तोच, वेळेवर आला एवढंच.

आता आपल्या देशाकडं या.

मायक्रोसॉफ्टनं एक्सबॉक्स ३६० भारतात सप्टेंबर २००६ मध्ये आणलं. अक्षयकुमार आणि युवराजसिंग हे दोघे जाहिरातीला. पुढं २००७ मध्ये परदेशात ब्रायन लाराच्या नावानं निघालेला क्रिकेटचा गेम इथं युवराजच्या नावानं विकला. म्हणजे निदान एवढं त्यांच्या डोक्यात आलं की या देशात पहिला गेम क्रिकेटचा पाहिजे. सोनीनं वेगळा प्रयत्न केला. इथल्याच लोकांकडून इथले गेम बनवून घेतले. हैदराबादच्या कंपनीनं केलेला हनुमान बॉय वॉरियर २००९ मध्ये प्लेस्टेशन २ वर आला. त्याच सुमाराला देसी अड्डा, ज्याच्यात कबड्डी आणि पतंगबाजी होती. मुंबईच्या ट्राईन कंपनीचा स्ट्रीट क्रिकेट चॅम्पियन्स आला.

कल्पना शंभर टक्के बरोबर. वेळ? प्लेस्टेशन २ निघालं २००० मध्ये आणि आपला हनुमान त्याच्यावर उतरला २००९ मध्ये. तोपर्यंत बाहेर प्लेस्टेशन ३ येऊन दोन वर्षांहून जास्त काळ झाला होता. हंगाम संपल्यावर, टोळ्या गावाकडं निघाल्यावर, आपण फडात कोयता घेऊन उभे. शिवाय ते गेम घाईत आणि कमी पैशात केलेले, खेळताना कळायचं. माझ्याकडं दुरुस्तीला आलेल्या एका मशीनसोबत देसी अड्डाची डिस्क होती. मशीन नीट झालं का बघायला म्हणून कबड्डी लावली. आमच्या जिल्हा परिषद शाळेच्या मैदानावरची कबड्डी बघितलेल्या माणसाला ते बघवलं नाही.

खरी चुटपुट लावणारी गोष्ट पुण्यातली आहे. नॉडिंग हेड्स नावाच्या छोट्या कंपनीनं 'राजी' नावाचा गेम बनवला. एक मुलगी आपल्या हरवलेल्या भावाला, गोलूला, शोधायला निघते. किल्ले, महाल, देवळं, भिंतीवरची चित्रं, दुर्गा आणि विष्णू गोष्ट सांगतायत. २०१७ मध्ये त्यांनी इंटरनेटवरून लोकवर्गणी मागायचा प्रयत्न केला, तो फसला. तरी पोरांनी सोडलं नाही. गेम पूर्ण झाला आणि १८ ऑगस्ट २०२० ला बाजारात आला. कुठल्या मशीनवर? सगळ्यात आधी फक्त निन्टेन्डो स्विचवर. जे मशीन निन्टेन्डो भारतात अधिकृतपणे विकतच नव्हती! पुण्यात बनलेला, आपल्या मातीतला गेम, पहिले दोन महिने भारतातल्या पोरांना खेळायचा तर मशीन दुबईहून नाहीतर काळ्या बाजारातून आणायची. ऑक्टोबरात तो बाकीच्या मशीनवर आणि कॉम्प्युटरवर आला. त्या वर्षीच्या 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये पदार्पणाच्या गटात त्याला नामांकन होतं. हिंदी आवाज त्याच्यात २०२२ मध्ये आला. मराठीचं नावच नको.

मी त्या पुण्याच्या पोरांना दोष देत नाही. ज्यानं वजन करून घेतलं त्याला त्यांनी माल दिला. आपला कारखाना बरीच वर्षं बंद होता तेव्हा ढोकीचा ऊस कुठं कुठं गेला ते आपण बघितलंय. शेतकऱ्याला कोण नावं ठेवणार? फडात ऊस वाळवत ठेवायचा का? पण ज्या गावात ऊस पिकतो त्याच गावाची चिमणी थंड असते तेव्हा काय वाटतं, तेही आपल्याला माहीत आहे.

दुसरीकडून बघितलं तर प्लेस्टेशन ५ सुद्धा जगात नोव्हेंबर २०२० मध्ये आणि भारतात २ फेब्रुवारी २०२१ ला. तेव्हाची किंमत ४९,९९०. ढोकीत आजही मोजून किती घरांत असेल? मी सांगतो, माझ्या माहितीत दोन. त्या दोघांकडंही गेले की फुटबॉल नाहीतर कार. दोघांची पोरं हुशार आहेत, पण त्या मशीनवर त्यांच्या आजीला समजेल असं एक वाक्य नाही.

म्हणून ते ३,२६८ कोटी. मुंबई-पुण्यातले जाणकार त्या धोरणावर बोलतील ते बोलतील. मला काळजी वेगळी आहे. असले पैसे जिल्ह्यापर्यंत झिरपतात तेव्हा त्यांचं रूप बदलतं. ते डबे होतात. डब्याचं टेंडर निघतं, डब्याचं उद्घाटन होतं, डब्यावर नाव रंगवता येतं. आत चालणाऱ्या गोष्टीला नारळ फोडता येत नाही.

एका शाळेत, नाव घेत नाही, हाताच्या बोटानं चालणारा मोठा डिजिटल फळा आला. तारा जोडायला मला बोलावलं होतं. चालू केला, पडदा लख्ख. आत काय? इंग्रजीतला सूर्यमालेचा एक नमुना व्हिडिओ आणि कंपनीची जाहिरात. पाचवीची पोरं पहिल्या दिवशी दाटीवाटीनं बसली होती. सूर्यमाला तीनदा बघितली. चौथ्या दिवशी बाई म्हणाल्या, "दादा, ह्याच्यात आपल्या पुस्तकातलं काही घालता येईल का?" मी पुरवठादाराला फोन लावला. तो म्हणाला कंटेंट दुसऱ्या टप्प्यात येणार आहे. दोन वर्षांनी दुसऱ्या एका कामाला गेलो तेव्हा फळ्यावर चादर होती. शिक्षकांना लोक नावं ठेवतात की यांना वापरता येत नाही. अहो, वापरायचं काय? बाईंनी चौथ्या दिवशीच विचारलं होतं.

पहिले चार दिवस पोरांचा जीव त्या फळ्यात होता. ते चार दिवस परत येत नाहीत.

तेव्हा आमदार, जिल्हा परिषद सदस्य, सरपंच, जे कोणी वाचत असतील त्यांना एकच मागणं. या धोरणातून किंवा दुसऱ्या कुठल्याही योजनेतून आपल्याकडं लॅब येणार असेल, तर खरेदीच्या कागदावर मशीनच्या नावाआधी एक यादी जोडा. पहिल्या दिवशी मराठीत काय काय चालणार, नावानिशी. त्यानंतर पहिल्या वर्षात दर तीन महिन्यांनी काय येणार, कोण बनवणार, त्याला किती पैसे. ती यादी रिकामी असेल तर मशीन एक वर्ष उशिरा आणा, बिघडत नाही. आणि गेमिंग सेंटर टाकणाऱ्या पोरांनो, चारऐवजी दोनच प्लेस्टेशन घ्या, उरलेल्या पैशात गेम घ्या. चारजण एका सोफ्यावर बसून एकत्र खेळतील असे घ्या. एकट्यानं खेळायला प्रत्येकाच्या खिशात फोन आहे, त्याच्यासाठी तुम्हाला तासाचे पैसे कोण देणार?

"मराठीत बनवणार कोण?" असं कुणीतरी म्हणेलच. आपल्याच भागातली दोन पोरं आहेत, इंजिनिअरिंग झालेली, एक पुण्यात नोकरी करून परत आलेला. जुन्या लॅपटॉपवर फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये गेम बनवायलेत. विषय तेरचा. म्हणजे तगरचा. दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका ग्रीक खलाशाच्या पुस्तकात लिहिलंय की पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर नावाचं मोठं शहर आहे आणि तिथून कापड गाड्यांत भरून, वाट नसलेल्या मुलखातून, भडोचच्या बंदरात जातं. तेरच्या लामतुरे संग्रहालयात त्या काळातल्या वस्तू ठेवल्यात, लहानपणी सहलीला आपण सगळ्यांनी बघितल्यात. तर गेममध्ये तुम्ही गाडीवान. बैल सांभाळायचे, कापड भिजू द्यायचं नाही, चोरांची वाट टाळायची, भडोच गाठायचं. बोलणं सगळं आपल्या बोलीत. बैल दमला की गाडीवान म्हणतो, "आता काय करतूस बाबा, बस खाली."

फोनवर चालतो, माझ्या साध्या फोनवरही चालला. दुकानात आलेल्या तीन पोरांना दिला, दीड तास हलली नाहीत, एकाच्या आईचा दोनदा फोन आला. अजून बरंच काम बाकी आहे. पैठणच्या पुढं रस्ताच बनवलेला नाही, आणि सध्या बैल तेरणा नदीच्या पाण्यावरून कोरड्या पायानं चालत जातात. पुढच्या महिन्यापर्यंत ते बुडायला शिकतील असं पोरं म्हणायलीत.